दोरीवरचें पाऊल

माढ्याच्या मुलखांतील जुन्या पिढीस डोंबाऱ्याचा खेळ म्हणजे काय हें सांगावें लागत नसे. बाजाराच्या दिवशीं ढोलाचा आवाज कानीं पडला कीं पोरेंसोरें तिकडे धांवत. कैचीसारख्या उभ्या केलेल्या बांबूंच्या दोन जोड्या, त्यांवरून ताणलेली एक दोरी, खालीं ढोल वाजविणारा बाप, आणि वर हातांत आडवी काठी धरून निघालेली आठदहा वर्षांची मुलगी, एवढाच त्या खेळाचा पसारा. मुलगी पलीकडे पोंचली म्हणजे लोकांचा रोखलेला श्वास सुटे. थाळी फिरूं लागली म्हणजे तेच लोक पांगूं लागत. कौतुक आणि पाठ फिरविणें यांमधील हें अंतर कसें पडलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ही विद्या आजकालची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नट, नर्तक, गायक यांच्या पंक्तीस ‘प्लवक’ बसविला आहे. उड्यांच्या व दोरीच्या कसरती करणारा, असा त्याचा अर्थ अभ्यासक करतात. परमुलखांतून आलेल्या अशा मंडळींनीं पांच पण प्रेक्षावेतन राजास द्यावें, असा तेथें नियम आहे. कर घेणें ही कांहीं कृपा नव्हे. परंतु ज्याच्यापासून कर घ्यावयाचा त्याचा धंदा हा धंदा आहे, एवढें त्यांत मान्य झालेलें असतें.

याहून मोठा मान संयुत्त निकायांतील एका कथेनें दिला आहे. बांबूवर कसरत करणारा एक गुरु आपल्या मेदकथालिक नांवाच्या शिष्यास म्हणतो, “तूं मला सांभाळ, मी तुला सांभाळतों.” शिष्य नम्रपणें उत्तर देतो कीं तसें नव्हे, आपण आपला तोल सांभाळावा आणि मीं माझा, म्हणजे दोघेहि सुखरूप खालीं उतरूं. बुद्धानें शिष्याचा पक्ष खरा ठरविला, आणि जो सावधपणें स्वतःस राखतो तो दुसऱ्यासहि राखतो, असें त्यांतून सांगितलें. चित्ताच्या एकाग्रतेचा धडा देण्यास त्यास बांबूवरचा खेळाडू योग्य वाटला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आपल्याकडे एकनाथांनींहि भारुडांत कोल्हाटणीस स्थान दिलेंच आहे.

आतां त्या तोलाचें मर्म पाहूं. शरीराचा गुरुत्वमध्य दोरीच्या बाजूस सरला कीं मनुष्य पडूं लागतो. हातांतील लांब काठी हें पडणें मंद करते, आणि पाय सावरण्यास क्षणभर सवड देते. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत ऑलिंपिया येथें १९७९ च्या सुमारास अ‍ॅडम ग्रोसोव्स्की व जेफ एलिंग्टन या विद्यार्थ्यांनीं गिर्यारोहकांचा चपटा पट्टा ताणून त्यावर चालण्याचा छंद वाढविला. तोच आजचा ‘स्लॅकलाइन’ खेळ. त्यांत काठी नसते, आणि पट्टा सैल असल्यानें पायाखालीं झुलतो. हात उंचावून, दृष्टि पलीकडच्या टोंकावर खिळवून चालावें लागतें. १९८५ सालीं स्कॉट बाल्कम यांनीं योसेमिटी येथील उंच सुळक्यापर्यंत ताणलेला पट्टा ओलांडला. अलीकडे लोणावळ्याच्या दरीवरहि असे पट्टे ताणले गेले आहेत. हा खरोखर धैर्याचा खेळ आहे, यांत शंका नाहीं.

परंतु तोल तोच असतां मान निराळा कां? मल्लखांबाचें उदाहरण यावर प्रकाश टाकतें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं त्यास ऊर्जितावस्था आणली. त्यास आखाडा लाभला, गुरुपरंपरा लाभली, आणि १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं तो बर्लिनमध्यें दाखविला. डोंबाऱ्याच्या दोरीस आखाडा मिळाला नाहीं. तिला रस्ता मिळाला. पुढें १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यानें भीक या शब्दाच्या व्याख्येंत गाणें, नाचणें व खेळ करून दाखविणें यांच्या मिषानें मागितलेलें दानहि घातलें. कौटिल्याचा करदाता अशा रीतीनें भिक्षेकरी ठरला.

शासनाच्या भटक्या जमातींच्या यादींत कोल्हाटी व डोंबारी एकाच नोंदींत येतात. माढ्याशेजारच्या करमाळा तालुक्यांतील नेर्ले येथील डॉ. किशोर शांताबाई काळे यांचें ‘कोल्हाट्याचं पोर’ हें आत्मचरित्र १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत दोरी नाहीं, तमाशाचा फड आहे. परंतु कलेवर लोकांनीं टाळ्या द्याव्या आणि कलावंतिणीच्या लेंकरास बापाचें नांवहि मिळूं नये, हें दुःख त्याच जातीचें आहे.

येथें जुन्या खेळाचे गोडवे गाऊन भागणार नाहीं. त्या मुलीस दोरीवर हौसेनें नव्हे, भुकेनें चढविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सर्कशींत मुलांना कामास लावण्यास बंदी केली, ती योग्यच होय. परंतु मुलीस दोरीवरून खालीं उतरविणें एवढ्यानें न्याय पुरा होत नाहीं. तिच्या घराण्यांत साठलेली विद्याहि मानानें खालीं उतरवून घ्यावी लागते. शहरांतील तरुण हौसेनें जें शिकतात, तें शिकविण्याचा अधिकार ज्यांच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे, त्यांस व्यायामशाळेंत गुरु म्हणून बोलावण्यास काय हरकत आहे? पट्टा शाळेच्या पटांगणांत ताणावा, खालीं मऊ गादी असावी, मुलीच्या हातीं पाटीपुस्तक असावें, आणि थाळी मात्र कोठेंहि दिसूं नये.