पेन्सिलीची धूळ

आमच्या पिढीची अक्षरओळख दगडावर झाली. पाटी दगडाची, पेन्सिलही दगडाचीच. थुंकीनं पाटी पुसायची अन् पुन्हा गिरवायचं. काही पोरं तर पेन्सिल कुरतडून खायची. ती कुठून येते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

या पेन्सिलींचं मोठं ठाणं मध्य प्रदेशातलं मंदसौर. तिथं खाणीतला दगड छोट्या शेडमध्ये विजेच्या गोल करवतीवर कापून पेन्सिली काढत. करवत सुरू झाली की कारागीर धुळीत बुडायचा.

धूळ आम्हा शेतकऱ्यांनाही नवी नाही. मळणीत नाकातोंडात भुसा जातो, चार दिवस खोकला येतो अन् थांबतो. पण त्या दगडात सिलिका असते. तिची जाड धूळ नाकात अडते. डोळ्यांना न दिसणारी पार फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथं घट्टे पडत जातात. हातावरचा घट्टा काम सुटलं की जातो, हा काम सोडल्यावरही वाढतो. त्यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्यात क्षयही लवकर गाठतो.

मध्य प्रदेश सरकारनं 1982 मध्ये या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. त्याच दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं कामगार तपासले, तर निम्म्याहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. पुढं 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कामाच्या जागी श्वासात जाणारी ही धूळ, माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत घातली.

पण हा कॅन्सर कित्येक वर्षांनी उगवतो. तोवर शेड बंद पडलेली असते, मालकाच्या वहीत मजुराचं नाव नसतं. घरचे म्हणतात, बिडी लई ओढायचा. बिडीचा दोष आहेच. पण धूळ आणि बिडी एकत्र आली की धोका आणखी वाढतो. अन् धुळीचं नाव कागदावर आलं नाही, तर भरपाई मागायची कुणाकडं?

आज पाटी-पेन्सिल मागं पडली. पण फरशी कापणारी, दगड फोडणारी आपलीच पोरं शहरात तोंडाला रुमाल बांधून उभी आहेत. रुमालानं बारीक धूळ अडत नाही. पाणी सोडून कापलं, धूळ निघते तिथंच ओढून घेतली, तर ती पुष्कळ कमी होते.

इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरानं कामकऱ्यांच्या रोगांवर 1700 साली पुस्तक लिहिलं. रोग्याला त्याचा धंदाही विचारा, असं त्याचं सांगणं होतं. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, तर आपणच सांगावं : अमुक वर्षं दगड कापला. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावं.