रुमालाखालचा सौदा

बाजार आणि विश्वास यांचा झगडा वऱ्हाडाला नवा नाही. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्ग आला आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील ही कापसाची पेठ मुंबई बंदराशी थेट जोडली गेली. व्यापार वाढला, परंतु शेतकऱ्याच्या हाती केवळ कापूस होता. भाव, वजन आणि हिशेब ही तिन्ही इतरांच्या हाती होती. त्या काळी देशातील अनेक बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवीत. माल ज्याचा, त्यालाच बोली कळत नसे. खोट्या तराजूविरुद्ध आमोस संदेष्ट्याने उठविलेला आवाज इथेही लागू पडला असता.

1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजारावर समिती आली, दलाल व मापारी यांना परवाना घ्यावा लागला, अनधिकृत वजनमापांवर बंदी आली. तथापि समितीवर नगरपालिकेचे आणि व्यापाऱ्यांचेच प्रतिनिधी असत. शेतकऱ्याला स्थान नव्हते. ही उणीव 1928 च्या शाही कृषी आयोगाच्याही नजरेस आली. महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने बाजार समित्यांवर शेतकऱ्यांचे निर्वाचित प्रतिनिधी बसविले. नियम उघड होणे ही पहिली पायरी. त्यांवर देखरेख करण्याचा अधिकार मिळणे ही दुसरी. या दोहोंत कितीतरी वर्षे गेली.

हा इतिहास स्मरण्यास आज निमित्त आहे. 2008 साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडली गेली आणि 2009 च्या जानेवारीत ते चलन सुरू झाले. त्याची हिशेबवही एका बँकेत नाही. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. ती चालविणारी आज्ञावलीही कोणालाही वाचता येते. रुमाल दूर झाला, असेच म्हणावे लागेल.

परंतु उघडी वही वाचता येणारे किती? पुण्यात 2018 साली गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविल्याचा आरोप आहे. बिटकॉइनची आज्ञावली उघडी होती. गुंतवणूकदारांचा पैसा मात्र योजना चालविणाऱ्यांच्या हाती होता. उघडेपणाच्या नावाखाली पुन्हा रुमालच अंथरला गेला.

ख्रिस्तसभेलाही हा धडा लागू आहे. 1983 च्या कॅनन कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक ठरविली आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना देण्याचे बंधन घातले. धर्मगुरूवर अविश्वास म्हणून नव्हे. विश्वासाला डोळे असावेत म्हणून.

आमच्या कुटुंबांतील तरुण या नव्या चलनाकडे वळत आहेत. त्यांना आम्ही मनाई करीत नाही. पैसे देण्यापूर्वी त्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा हिशेब मला स्वतःला तपासता येतो काय? आणि चूक आढळल्यास माझे ऐकून घेणारे तिथे कोणी आहे काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर कष्टाची मिळकत घरीच राहू द्यावी.