निर्वात टाकीची साक्ष

ज्या जागेंत घटना पाहिली त्या जागेनेंच ती थोडीबहुत घडविली असेल, तर तो पुरावा कितपत ग्राह्य धरावा? जुनीं कागदपत्रें वाचणारास हा प्रश्न नवा नाहीं. अंतराळयानांच्या विद्युत्-एंजिनांच्या इतिहासांत मात्र तो पोलादी भिंतींनीं उपस्थित केला. ती हकीकत येथें नमूद करितों.

अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील लुइस संशोधन केंद्रांत हॅरोल्ड कॉफमन यांनीं पाऱ्याच्या वाफेवर चालणारें आयन-एंजिन सिद्ध केलें. पाऱ्याच्या अणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांस धनभारित करावयाचें व विद्युद्दाबानें वेगानें बाहेर फेंकावयाचें, ही त्याची रीत. हवेंत असा झोत टिकत नाहीं. म्हणून १९६१ च्या सुमारास तेथें प्रचंड निर्वात टाक्या उभारण्यांत आल्या. मोठीचा व्यास २५ फूट व लांबी ७० फूट होती.

टाकींत एंजिन चाललें, पण संशय फिटला नाहीं. केवळ धनभारित कणच बाहेर जात राहिले तर यान ऋणभारित होऊन झोत त्याच्याकडेच ओढला जाईल. यास्तव झोतांत इलेक्ट्रॉन मिसळणें अवश्य. टाकींत ते मिसळत; पण ते कोणाचे? झोत आदळला कीं भिंतीच्या धातूंतूनही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि उरलासुरला वायु आपली भर घालतो. अर्थात् साक्षीदार पढविलेला होता.

अखेर २० जुलै १९६४ रोजीं वॉलॉप्स बेटावरून स्काउट अग्निबाणानें 'सर्ट-१' हें यान सोडण्यांत आलें. पृथ्वीप्रदक्षिणा नव्हेच, तासाभराच्याही आंतली ती झेप. दोन एंजिनांपैकीं सीझियमवरील एंजिन विद्युद्दोषामुळें चाललेंच नाहीं. पाऱ्यावरील ३१ मिनिटें चाललें. यानाच्या स्वतःभोवतीं फिरण्याच्या गतींत पडलेल्या फरकावरून रेटा मोजला गेला. भिंत नसतांही झोत परतला नाहीं!

म्हणून टाकी निर्दोष ठरली असें मात्र नव्हे. ३ फेब्रुवारी १९७० रोजीं गेलेल्या 'सर्ट-२' च्या एंजिनांची जमिनीवर हजारों तास परीक्षा झाली होती. तरी कक्षेंत एक ३,७८१ तासांनीं व दुसरें २,०११ तासांनीं बंद पडलें. झोत ओढून घेणाऱ्या सच्छिद्र पत्र्यांमध्यें झिजलेला धातु अडकला होता. टाकींत भिंतींवरून उडून परत बसणारें द्रव्य अशी झीज झांकूं शकतें. पुढें 'डीप स्पेस-१' (१९९८) या यानाचें राखीव एंजिन कॅलिफोर्नियांत ३०,३५२ तास चालविलें, तेव्हां टाकीच्या भिंतींस ग्रॅफाइटचे पत्रे लावले होते, आणि त्यांवरून किती द्रव्य परत येतें तेंही मोजीत होते.