विजेरी आणि बंदूक : चंद्रपूर-गडचिरोलीच्या अंधाराचा इतिहास

(१) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ कलम १७ मध्ये शिकारीच्या निषिद्ध साधनांची यादी होती. वाहन, विष, स्फोटके, जाळी, आणि त्यांच्याच पंक्तीला कृत्रिम प्रकाश. खेड्यापाड्यांत जिला ‘बॅटरी’ म्हणतात, ती साधी विजेरी विषाच्या शेजारी कशी येऊन बसली?

(२) नळीच्या आकाराच्या हातविजेरीचे पेटंट अमेरिकेत १८९९ साली मिळाले. त्याआधी चांदा जिल्ह्याच्या अरण्यात रात्रीचा शिकारी चांदण्यावर अवलंबून असे. मचाणावर बसायचे, चंद्राची वाट पाहायची. ढग आला की बंदूक आंधळी. हा अंधारच जनावराचे संरक्षण होते.

(३) विजेरीने ते संरक्षण हिरावले. वाघ, बिबट, चितळ यांच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारे पटल असते. झोत पडताच डोळे चमकतात आणि ठिकाण उघड होते. दिपलेले जनावर पुष्कळदा जागीच थबकते. नेमके तेच क्षण गोळीला पुरतात.

(४) तरीही विजेरी बेभरवशाची होती. २ मे १९२६ च्या रात्री जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावर विजेरीच्या उजेडात गोळी झाडली. लगेच विजेरी मालवली. नेम लागला की नाही, याचा उलगडा व्हायला उजाडावे लागले.

(५) पुढे जीप आली आणि विजेरीची जागा प्रखर दिव्यांनी घेतली. ताडोबात १९३५ मध्येच शिकारबंदी झाली होती, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. बाहेरच्या जंगलात मात्र परवान्यावर शिकार चालूच राहिली.

(६) म्हणून १९७२ चा कायदा प्रकाशापर्यंत पोहोचला. अपवाद एकच : मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसभक्षकासाठी खास परवाना. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपवली.

(७) समोर माणूस असेल तर हेच गणित उलटते. जनावर झोताकडे पाहत राहते. सशस्त्र माणूस झोतावर गोळी झाडतो. म्हणून पिस्तूल एका हातात असताना दुसऱ्या हातातील विजेरी शरीरापासून दूर धरण्याची पद्धत पोलिसांत रूढ झाली. १९७० च्या दशकात मायकेल हॅरिस या अमेरिकन प्रशिक्षकाची पद्धत पुढे आली : दोन्ही मनगटे एकमेकांत अडकवायची, हातांच्या पाठी परस्परांना टेकवायच्या, म्हणजे झोत आणि नळी एकाच दिशेला राहतात. नेम स्थिरावतो, पण उजेड पुन्हा अंगाजवळ येतो.

(८) १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९९० मध्ये नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी तेथील पोलिसांनी स्थानिक तरुणांचे सी-६० पथक उभारले. दबा धरून बसलेल्या शत्रूच्या जंगलात उजेड लावणे म्हणजे स्वतःचा पत्ता सांगणे. ज्या अंधाराने कधी जनावर वाचवले, त्याच अंधाराचा आता माणसाला आधार होता.

(९) शेवटचा प्रसंग शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातला. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री वाहनातून झाडलेल्या गोळीने मारली गेली. सूर्यास्तानंतर वाघाला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करू नये, असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक आहे. प्राधिकरणाच्या चौकशी समितीने मोहिमेत नियमभंग झाल्याचे नोंदवले. गावकऱ्यांची भीती खरी होती आणि कायद्याचा आक्षेपही खरा होता.

(१०) विजेरी लक्ष्य दाखवते. लक्ष्याभोवतीचा काळोख मात्र अधिक गडद करते. १९७२ च्या त्या कलमाने शिकाऱ्याच्या हातातला दिवा काढून घेतला, तो जनावराला रात्र परत मिळावी म्हणून. या जंगलांच्या इतिहासात अंधार ही केवळ उणीव नव्हती; तो कोणाचा तरी हक्क होता.