एका पत्त्याचे पुसलेले वाक्य

१/ #थ्रेड
ऑक्टोबर २०१५. 'हार्थस्टोन' या डिजिटल पत्त्यांच्या खेळातील 'वॉरसाँग कमांडर' या कार्डावरचे एक वाक्य बदलण्यात आले. नाव तेच, चित्र तेच. परंतु जगभरच्या खेळाडूंनी जुळवलेला एक विलक्षण डेक त्या वाक्यासोबत संपला. एखाद्या ताम्रपटाच्या सर्व प्रतींवरील मजकूर एकाच वेळी बदलावा, तसा हा प्रकार होता.

२/ स्वतंत्रपणे किरकोळ वाटणारी कार्डे विशिष्ट क्रमाने एकत्र येऊन प्रचंड परिणाम घडवतात, अशा संचाला 'कॉम्बो डेक' म्हणतात. ही परंपरा १९९३ मधील 'मॅजिक: द गॅदरिंग' या छापील पत्त्यांच्या खेळाइतकीच जुनी आहे. त्याचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणितज्ञ होते, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. त्या खेळातील 'चॅनल' हे कार्ड खेळाडूच्या स्वतःच्या प्राणांच्या मोबदल्यात माना, म्हणजे पत्ते खेळण्याचे चलन, मिळवून देई. तीच माना 'फायरबॉल'मध्ये ओतली की प्रतिस्पर्धी आरंभीच्या फेऱ्यांतच गारद होई.

३/ १९९८ च्या अखेरीस 'उर्झाज सागा' या संचामुळे असे डेक इतके माजले की तो काळ 'कॉम्बो विंटर' म्हणून ओळखला जातो. त्यानंतर बंदीचे सत्र आले. परंतु बंदी घातलेला पत्ता केवळ स्पर्धेतून हद्दपार होतो. खणात ठेवलेल्या कागदावरचे शब्द कुणी पुसू शकत नाही.

४/ 'हार्थस्टोन' मार्च २०१४ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. डेक ३० पत्त्यांचा, नायकाचे प्राण ३०, एका फेरीत सामान्यतः कमाल १० माना. पटावर नव्याने उतरलेल्या मिनियनला सहसा एक फेरी थांबावे लागते. ३ मानांचा वॉरसाँग कमांडर मात्र ३ किंवा त्याहून कमी हल्लाशक्तीच्या मिनियनला उतरताक्षणीच हल्ल्याची मुभा देई.

५/ एप्रिल २०१५ मध्ये 'ब्लॅकरॉक माउंटन' हा संच आला आणि त्यात 'ग्रिम पेट्रन' अवतरला. किंमत ५ माना, हल्ला ३, प्राण ३. घाव सोसून तो वाचला की शेजारी आणखी एक ग्रिम पेट्रन उभा राही. रक्तबीजाची कथा ऐकलेल्या वाचकाला अधिक सांगणे नलगे!

आता हिशेब पाहा. कमांडर ३ माना, पेट्रन ५ माना. त्यावर पटावरील प्रत्येक मिनियनला एकेक घाव देणारे 'व्हर्लविंड' हे १ मानाचे कार्ड दोनदा. एकूण १०. पहिल्या व्हर्लविंडने एकाचे दोन, दुसऱ्याने दोनाचे चार. आणि कमांडर जिवंत असल्याने चौघेही तत्काळ हल्ल्यास सिद्ध.

६/ खरी मेख याहून खोल होती. कमांडर हल्लाशक्ती तपासे ती केवळ मिनियन पटावर येतानाच. 'फ्रॉदिंग बर्सर्कर' २ हल्लाशक्तीने आत येई, मुभा मिळवी आणि मग कुठल्याही मिनियनला घाव बसला की एकेकाने वाढत जाई. पेट्रनांच्या गर्दीत त्याची शक्ती किती फुगे, याची कल्पनाच केलेली बरी. 'एम्परर थॉरिसन' हातातील पत्त्यांची किंमत घटवी, त्यामुळे हे सारे एकाच फेरीत बसे.

७/ हा डेक आंधळ्या नशिबाचा नव्हता. फेरीच्या ७५ सेकंदांत घावांचा क्रम आणि पटावरील सात जागांची मर्यादा सांभाळत गणित मांडावे लागे. चालवणाऱ्याला त्यात अपार आनंद होता. समोरच्याला मात्र पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसे. हातातील पत्त्यांच्या बळावर एकाच फेरीत डाव संपवणाऱ्या डेकांमुळे पटावरील झुंजीला अर्थ उरत नाही, अशी निर्मात्या ब्लिझर्डची भूमिका होती. ती रास्तच म्हणावी लागेल. उपाय मात्र अतिरेकी ठरला. जे मिनियन मुळातच तत्काळ हल्ला करू शकतात त्यांची हल्लाशक्ती १ ने वाढवणे, एवढेच काम कमांडरला उरले.

८/ छापील कार्ड स्वतःच साधन असते. येथे मूळ साधनच बदलले. त्यामुळे या डेकचा अभ्यासक अद्ययावतीकरणाच्या नोंदी, खेळाडूंनी जपलेल्या डेकच्या याद्या आणि सामन्यांची चित्रमुद्रणे यांवर अवलंबून असतो. तेथेही सावध राहावे लागते, कारण यादीत केवळ कार्डाचे नाव असते, त्या दिवशीचा मजकूर नसतो.

९/ मार्च २०२१ मध्ये ब्लिझर्डने 'क्लासिक' हा खेळप्रकार आणला. त्यात कार्डे जून २०१४ च्या रूपात परतली आणि कमांडरलाही त्याचे जुने वाक्य परत मिळाले. पण ग्रिम पेट्रन २०१५ चा. त्या पटावर त्याला प्रवेश नव्हता. २०२३ मध्ये तो खेळप्रकारही बंद झाला.