मराठी मुलुखातील शेक्सपिअर : अध्ययन, अध्यापन आणि रंगभूमी

इसवी सन १८६७ हे वर्ष बालाघाट जिल्ह्याच्या आणि मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात दोन निरनिराळ्या कारणांनी लक्षात राहण्याजोगे आहे. भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग जोडून बालाघाट हा नवा जिल्हा उभारण्याचे काम याच सुमारास सुरू झाले. आणि याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेले ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि पुढे भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या आसऱ्याने राहिलेल्या मराठी कुटुंबांपर्यंत शेक्सपिअर ज्या वाटेने आला, तिचा आरंभ शोधू गेल्यास तो याच काळात सापडतो. ही वाट मुख्यतः शिक्षकांनी घातली आहे.

विल्यम शेक्सपिअर याचे चरित्र शिकविणाऱ्यापुढे पहिलीच अडचण उभी राहते ती साधनांच्या तुटपुंजेपणाची. २६ एप्रिल १५६४ रोजी स्ट्रॅटफर्ड येथील चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. वडील हातमोजे तयार करणारे कारागीर. गावच्या कारभारात त्यांनी मानाची पदे भूषविली होती. वयाच्या अठराव्या वर्षी, १५८२ साली, अ‍ॅन हॅथवे हिच्याशी त्याचा विवाह झाला. तीन अपत्यांपैकी हॅम्नेट हा एकुलता मुलगा १५९६ मध्ये अकरा वर्षांचा असताना वारला. १५९२ च्या सुमारास लंडनच्या रंगभूमीवर त्याचे नाव दिसू लागते. १५९४ पासून तो एका नाटक मंडळीचा नट, लेखक व भागीदार होता. १५९९ मध्ये या मंडळीने ‘ग्लोब’ हे नाट्यगृह बांधले. २३ एप्रिल १६१६ रोजी त्याचे निधन झाले. जमिनीचे व्यवहार, कोर्टकचेरीचे कागद आणि मृत्युपत्र वगळता त्याच्या हातची म्हणता येईल अशी खाजगी पत्रे वा रोजनिशी उपलब्ध नाही. त्यामुळे चरित्रावरून नाटकाचा अर्थ लावावा, की नाटकावरून चरित्र रचावे, हा मोह अभ्यासकाला सतत आवरावा लागतो.

नाटकांच्या संहितेचीही कथा अशीच आहे. स्वतःची नाटके छापून घेण्याची शेक्सपिअरने फारशी काळजी घेतल्याचे दिसत नाही. नाटक ही मंडळीची मालमत्ता असे. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, हेमिंग आणि काँडेल या त्याच्या दोन नट-सहकाऱ्यांनी छत्तीस नाटकांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील अठरा नाटके त्यापूर्वी छापलेलीच नव्हती. ‘मॅक्बेथ’, ‘टेम्पेस्ट’ व ‘ज्युलिअस सीझर’ ही त्यांपैकीच होत. ‘हॅम्लेट’च्या १६०३ च्या आणि त्यानंतर लगेच निघालेल्या प्रतींत मोठा फरक आहे; ‘लिअर’ची १६०८ ची प्रत आणि १६२३ ची प्रत यांतही शेकडो ओळींचे अंतर आहे. नाटक कंपन्यांच्या हस्तलिखितांवरून, नटांच्या पाठांवरून आणि पदांच्या पुस्तिकांवरून जुनी नाटके जुळविण्याची खटपट ज्यांना परिचित आहे, त्या मराठी वाचकाला ही अवस्था अनोळखी वाटू नये.

मराठी मुलुखात शेक्सपिअर प्रथम आला तो पाठ्यपुस्तक म्हणून. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि पदवीपरीक्षेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात त्याच्या नाटकांना स्थान मिळाले. मध्यप्रांतात नागपूरला १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज व १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. येथील विद्यार्थ्यांच्या परीक्षा आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि १९२३ पासून नागपूर अशा तीन विद्यापीठांच्या छत्राखाली झाल्या. विद्यापीठे बदलली, परंतु शेक्सपिअर बदलला नाही. आग्रा कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेले डाइटन यांनी सिद्ध केलेल्या मॅकमिलन कंपनीच्या सटीप आवृत्त्या आणि व्हेरिटी यांच्या केंब्रिजच्या आवृत्त्या भारतीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वापरल्या. १९०४ मध्ये ब्रॅडली यांचा शोकांतिकेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्यातील व्यक्तिरेखांची चिकित्सा वर्गावर्गातून उतरवून घेतली जाऊ लागली.

या अध्यापनाचा दोष उघड होता. नाटक हे पाहण्याची वस्तू असून ते टीपांच्या आधारे वाचले जाई. शब्दाचा अर्थ, व्याकरण, अलंकार आणि ‘या उताऱ्याचे संदर्भासह स्पष्टीकरण करा’ या चाकोरीत संवादाचा आवाज हरवे. परक्या राज्यकर्त्यांच्या श्रेष्ठत्वाची साक्ष म्हणून हा कवी पुढे केला जात होता, हेही खरे. असे असूनही त्याच वर्गांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी त्याला परीक्षेच्या दप्तरातून काढून मराठीत आणले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यांना हा लेखक केवळ गुणांसाठी शिकविला गेला, त्यांनाच तो आपल्या भाषेत नसल्याची उणीव जाणवली.

या मंडळींत वऱ्हाडचा वाटा विशेष मोठा आहे. अकोल्यास शिक्षणखात्यात अधिकारपदावर राहिलेले विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी ‘सिंबेलिन’वरून ‘तारा’ (१८७९), ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’ (१८८१) आणि ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’वरून ‘वल्लभानुनय’ (१८८७) ही नाटके लिहिली. शोकांतिकांपेक्षा, वियोगानंतर मीलन घडविणारी नाटके त्यांनी निवडली. संस्कृत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाला ती जवळची वाटणार, हे या शिक्षकाने ओळखले होते. बडोद्यास झालेला ‘तारा’चा प्रयोग तेथील कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक लिटलडेल यांनी पाहिला आणि १८८० मध्ये ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या विलायती मासिकात त्याचा वृत्तान्त लिहिला. इंग्रजीचा प्राध्यापक आपल्याच ग्रंथकाराचे नाटक शिकण्यासाठी मराठी प्रेक्षकांत जाऊन बसला, हा प्रसंग अध्यापनाच्या इतिहासात मोलाचा ठरावा. महाजनी पुढे १९०७ च्या पुणे येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

पुण्यातील कथा अधिक परिचित आहे. कोल्हापूर प्रकरणी झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या बंदिवासात आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेमुळे मराठीतील भाषांतरविचाराच्या इतिहासातही या पुस्तकाला महत्त्वाचे स्थान आहे. न्यू इंग्लिश स्कूलच्या वर्गात शिकविणारा आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य होणारा हा पुरुष, मनात संशयाचे काहूर उठलेल्या राजपुत्राची कथा तुरुंगात बसून मराठीत आणतो, याचे औचित्य वेगळे सांगावयास नको. फर्ग्युसनमधील त्यांचे सहकारी प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिली. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’ला ‘झुंजारराव’ हे रूप दिले. त्यातील जाधवराव हे पात्र इतके मराठी मातीतले झाले की, मूळ इयागोची ओळख नसलेल्या प्रेक्षकालाही त्याची भीती वाटे.

वर्गात अडकलेला शेक्सपिअर मोकळा झाला तो शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगमंचावर. गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन आणि बळवंतराव जोग यांच्या स्त्रीभूमिका यांनी महाराष्ट्र वेडा केला. जोशी हे काही इंग्रजी विद्येचे पंडित नव्हते. परंतु आगरकरांचे गद्य त्यांच्या वाणीतून उतरल्यावर पदवीधर आणि निरक्षर एकाच थिएटरात एकाच क्षणी स्तब्ध होत. ही अध्यापनाचीच एक रीत होती, आणि कदाचित सर्वांत परिणामकारक. त्याचा ठसा स्वतंत्र नाट्यलेखनावरही उमटला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ या नाटकात माधवरावांच्या ठायी हॅम्लेटची व्याकुळता आणि केशवशास्त्री याच्या ठायी इयागोचे कारस्थान एकत्र आले आहे. पेशवाईच्या कागदपत्रांतून आलेला विषय आणि कॉलेजात वाचलेला नाटककार यांचा हा संगम केवळ अनुकरण म्हणून बाजूला सारता येणार नाही.

या साऱ्या उद्योगातून एक वाद निर्माण झाला, आणि तो आजही मिटलेला नाही. मूळ नाटकाला मराठी वेष चढवावा, की मूळ जसे आहे तसेच आणावे? पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, प्रेक्षकाला नावे, चालीरीती आणि देवधर्म परके वाटले तर भावही परका राहतो. दुसरा पक्ष म्हणतो की, वेष बदलताना आशयही बदलतो. ऑथेल्लो हा व्हेनिसमध्ये परका आहे, ही त्याच्या शोकाची एक मुळी आहे. त्याला मराठा सरदार केले की ती मुळी सैल होते. एकोणिसाव्या शतकाने बहुतांशी पहिला पक्ष स्वीकारला. स्वातंत्र्योत्तर काळात पारडे दुसऱ्या बाजूला झुकू लागले, तरी पहिली वाट बंद पडली नाही.

वि. वा. शिरवाडकर हे दोन्ही वाटांनी चाललेले लेखक होत. १९५४ मध्ये त्यांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ आणि १९६१ मध्ये ‘ऑथेल्लो’ लिहिले. त्यानंतर २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. गणपतराव बेलवलकर या नाटकात लिअरची भूमिका जगतो, तेव्हा शेक्सपिअरची नाटके गाजविणाऱ्या मराठी नटांच्या एका संपूर्ण पिढीचे श्राद्धच जणू तो घालत असतो. डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका उभी केली. या नाटकाला भाषांतर म्हणता येत नाही आणि रूपांतर म्हणूनही ते संपत नाही. शतकभराच्या अध्ययनाचे ते फळ आहे. याउलट विंदा करंदीकरांनी १९७४ मध्ये ‘राजा लिअर’ मूळ नावांसह, मूळ काव्याला शक्य तितके चिकटून मराठीत आणला. करंदीकर स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. आधुनिक मराठी कवीची पकड आणि वर्गात वर्षानुवर्षे ओळ ओळ उकलण्याची शिस्त या दोहोंचा मेळ तेथे दिसतो. नागपूरकर नाना जोग यांनी केलेला ‘हॅम्लेट’चा अनुवाद दीर्घ काळानंतर २०१८ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पुन्हा उभा राहिला, ही विदर्भाच्या दृष्टीने समाधानाची बाब होय.

या इतिहासात ग्रंथालयांचे स्थान कोणते? कॉलेजातील इंग्रजी विभागाने मूळ नाटक आपल्याकडे ठेवले आणि मराठी विभागाने ‘मराठी नाटकावरील इंग्रजी प्रभाव’ एवढ्या प्रकरणापुरता त्याचा विचार केला. एका विद्यार्थ्याने ‘हॅम्लेट’ वाचावे पण ‘विकारविलसित’ उघडू नये, दुसऱ्याने ‘झुंजारराव’ वाचावे पण ‘ऑथेल्लो’ला हात लावू नये, अशी विभागणी झाली. ही दोन्ही पुस्तके एकाच छताखाली, एकाच वर्गणीत वाचकाला घरी नेता येतील, अशी जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या असंख्य वाचकांची शेक्सपिअरशी ओळख अशा वाचनालयातील रूपांतरे आणि संक्षिप्त कथा यांतूनच झाली.

भरवेलीसारख्या ठिकाणी या कामाला आणखी एक अर्थ आहे. येथील मँगनीजच्या खाणीचा कारभार नागपूरशी जोडलेला. १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली, तिचे मुख्यालयही नागपुरासच राहिले. मात्र १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व भंडारा एका राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. शासनाची व शिक्षणाची भाषा हिंदी झाली. ज्या मुलांच्या आजोबांनी नागपूरच्या परीक्षेसाठी डाइटनच्या टीपा पाठ केल्या असतील, ती मुले शेक्सपिअर हिंदीतून वा इंग्रजीतून शिकली. त्यात वाईट काही नाही. कोणत्याही भाषेतून तो शिकण्यासारखाच आहे. परंतु आगरकर, देवल, शिरवाडकर आणि करंदीकर यांनी त्याच्यासाठी मराठी वाक्याला जे वळण दिले, ते हिंदी वर्गात कोणी सांगणार नाही. ते या सीमेवर टिकायचे तर शाळेच्या वेळापत्रकाबाहेरच टिकावे लागेल.

त्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. एखाद्या अभ्यासमंडळाने ‘ऑथेल्लो’चा एकच प्रवेश मूळ इंग्रजीत, देवलांच्या आणि शिरवाडकरांच्या मराठीत असा तीन बैठकांत मोठ्याने वाचावा. नायक कोठे सेनापती आहे, कोठे सरदार आहे, संशयाचा शब्द कोणत्या भाषेत कसा पेरला जातो, हे ऐकणाऱ्यांनी ताडून पाहावे. नाटककाराचा काळ, भाषांतरकाराचा काळ आणि वाचकाचा काळ अशा तिन्ही काळांचा अभ्यास त्यातून आपोआप होईल. हिंदीतून शिकलेल्या मुलांना बोलावल्यास चौथा आवाजही मिळेल. स्ट्रॅटफर्डच्या हातमोजेवाल्याच्या मुलाची नाटके दोन सहकारी नटांनी नष्ट होण्यापासून वाचविली. मराठीतील त्याची रूपे शिक्षकांनी घडविली आणि नटांनी घरोघरी पोहोचविली. पुढचे काम वाचकांचे आहे, आणि त्यासाठी लागणारी पुस्तके जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत त्यांची वाट पाहत आहेत.