पहिल्या इयत्तेचा वर्षान्त : उत्सर्जन आणि परीक्षा

चैत्र सरत आला, देवळाच्या आवारातील आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडू लागला, म्हणजे शाळेचे वर्ष संपत आले हे आमच्या फोंडे भागात पंचांग न पाहताही कळते. २०२४ सालच्या अशाच एका सकाळी एक माउली आपल्या मुलाचा हात धरून आमच्या कार्यालयात आली. मुलगा पहिलीत होता. माउलीच्या हातात शाळेने दिलेला कागद होता. आपला पाल्य अभ्यासात मागे असल्यामुळे त्यास आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवण्यास आपली संमती आहे, असा त्यातील मजकूर. सही तेवढी व्हावयाची होती. तिने आम्हांस एवढेच विचारले, “वकीलबाब, सय करूं काय नाका?”

कायद्याचे उत्तर देण्यास आम्हांस फार वेळ लागला नाही. २००९ सालचा बालकांचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या सोळाव्या कलमान्वये मुलास प्राथमिक शिक्षणाच्या कोणत्याही वर्गात मागे ठेवण्यास मूळची मनाई होती. २०१९ सालच्या दुरुस्तीने हे दार थोडे किलकिले केले, परंतु ते केवळ पाचवी व आठवी या दोन इयत्तांपुरते. पहिलीच्या मुलास मागे ठेवण्याची मुभा त्या दुरुस्तीतही नाही. वेदपाठशाळांसारख्या धर्मशिक्षणाच्या संस्था २०१२ साली या कायद्यातून वगळल्या गेल्या, पण ही शाळा त्यांतली नव्हती. ती अल्पसंख्य समाजाची संस्थाही नव्हती. कायद्याने मुलास जे दिले आहे ते आईच्या सहीने काढून घेता येत नाही, असे आम्ही सांगितले आणि सही करू नये असा सल्ला दिला.

परंतु माउली गेल्यावर दुसराच एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. सहा-सात वर्षांच्या बालकाच्या पहिल्या वर्षाचा शेवट निवाड्याने व्हावा, ही रीत आली तरी कोठून? आमच्या पूर्वजांच्या विद्याभ्यासात ती होती काय? या जिज्ञासेपोटी जे वाचन घडले, त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडे विद्येच्या प्रारंभाचा संस्कार आहे आणि समाप्तीचाही आहे. प्रारंभी विद्यारंभ, अखेरीस समावर्तन. या दोहोंच्या मध्ये वर्षाचा हिशेब नव्हताच, असे अनेकांस वाटते; पण ते खरे नव्हे. वेदाध्ययनाचे स्वतःचे वर्ष होते. श्रावणात उपाकर्माने त्याचा आरंभ होई आणि पौषात किंवा माघाच्या आरंभी उत्सर्जनाने त्याची सांगता होई. हा काळ साडेचार महिन्यांचा, असे मनुस्मृती सांगते. पुढे दोन्ही कर्मे श्रावणीच्या एकाच दिवशी उरकण्याची चाल पडली, म्हणून उत्सर्जन हा शब्द आज केवळ पुरोहितांच्या मुखी उरला आहे.

या उत्सर्जनाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. गुरू आणि शिष्य मिळून गावाबाहेर जात आणि हे कर्म करीत. ज्या ऋषींकडून विद्या आली त्यांचे तर्पण होई. परीक्षा म्हणून कोणी कोणास काही विचारीत नसे. पुढे अध्ययन थांबत असे असेही नाही. शुक्लपक्षात वेद आणि कृष्णपक्षात वेदांगे, अशी त्याची मांडणी बदले. म्हणजे हा वर्षान्त विद्येची रीत पालटण्याचा होता आणि ऋण मान्य करण्याचा होता. कच्चेपणा उरला असेल तर तो रोजच्या संथेत व आवृत्तीत निघे. त्यासाठी वर्षाची अखेर गाठावी लागत नसे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही विद्या सर्वांस खुली नव्हती. स्त्रिया व शूद्र तिच्या उंबऱ्याबाहेर राहिले. उत्सर्जनाचे कौतुक करताना हे विसरले, तर इतिहास राहत नाही, केवळ अभिमान राहतो.

वेदशाळेखेरीज गावात पंतोजींची शाळा असे. पडवीत किंवा देवळाच्या ओसरीवर ती भरे. नवा मुलगा प्रथम धूळपाटीवर बसे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत बोटाने वा काडीने अक्षर गिरवायचे, चुकले तर हाताने धूळ सारखी करून पुन्हा गिरवायचे. ओनाम्यापासून बाराखडीपर्यंत आणि उजळणीपासून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीपर्यंत मुलगा आपल्या चालीने पुढे सरके. तेथे इयत्ता नव्हती. म्हणून पास नव्हता आणि नापासही नव्हता. छडी मात्र भरपूर होती. त्या शाळेस नंदनवन मानण्याचे कारण नाही. पण धुळीत केलेली चूक पुसली जाई. ती कोठे नोंदली जात नसे.

आता इतिहासातील एक विलक्षण वळण पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासेत अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा प्रमुख होता. तिकडील देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरविताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे, ही रीतही त्याने चालविली. १७९७ साली लंडनमध्ये त्याने आपल्या प्रयोगाचे पुस्तक छापले. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या शाळांतही अगदी पहिल्या वर्गातील गरीब मुले वाळूच्या मेजावर बोटाने अक्षरे काढू लागली. आमच्या पडवीतील धूळपाटी अशा रीतीने सातासमुद्रापलीकडे गेली.

धूळपाटी तिकडे गेली आणि परीक्षा इकडे आली. १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याच्या पुढाकाराने इंग्लंडात सुधारित शिक्षणसंहिता लागू झाली. सरकारी पैशाचा मोबदला मोजून घ्यावा हा तिचा हेतू. सहा वर्षांवरील मुलाने वर्षात ठराविक दिवस हजेरी भरली, तर शाळेस त्याच्यामागे ८ शिलिंग मिळावेत. मात्र वाचन, लेखन व गणित या तिहींत त्याची परीक्षा सरकारी तपासनीसाने घ्यावी आणि प्रत्येक विषयातील अपयशास २ शिलिंग ८ पेन्स कापावेत. तीनदा कापले की आठही शिलिंग संपले! पहिल्या इयत्तेच्या मुलाने एकावयवी शब्दांची गोष्ट वाचावी, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढावीत, २० पर्यंतचे आकडे लिहावेत व ओळखावेत, आणि १० पर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करावी, एवढीच अपेक्षा. अपेक्षा मुळीच जड नव्हती. जड होते ते तिच्या गळ्यात बांधलेले पैशाचे लोढणे.

मग जे व्हावयाचे तेच झाले. तपासनीस कोणत्या पुस्तकातून वाचावयास सांगणार हे ठाऊक असल्याने मुले पुस्तक पाठ करू लागली. शिक्षकाचे पोट मुलाच्या जिभेवर अवलंबून राहिले. प्रख्यात कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होत आहे, अशी त्यांची तक्रार होती. अखेर १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडने ही पद्धत क्रमाक्रमाने सोडून दिली.

आमच्याकडे मात्र तिचे बी रुजले होते. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने देशी शाळांस साहाय्य देताना निकालाप्रमाणे अनुदान देण्याची शिफारस केली. ‘दिपोटी’ येणार म्हणून शाळा सारवून, मुलांस धुतलेले सदरे घालून बसविण्याच्या हकिगती आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकविल्या, त्यांचे मूळ या व्यवस्थेत आहे. त्याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. मुलांचे निकाल मोजण्याच्या त्या काळात, जी मुले शाळेत आलीच नाहीत त्यांच्याकडे त्यांनी बोट दाखविले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. हे काम प्रथम हाती घेतले ते बडोद्याच्या सयाजीरावांनी. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ साली सर्व राज्यात त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. बडोद्यातील आमच्या मराठी बांधवांस याचा योग्य अभिमान आहे.

गोमंतकात गोष्ट निराळी होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदूंस नागरी समानता लाभली. त्यानंतर देवळांच्या आधाराने आणि गावकऱ्यांच्या वर्गणीने चाललेल्या मराठी शाळांस मोकळा श्वास मिळाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. घरी कोंकणी बोलणारी कित्येक मुले त्यांत मराठी अक्षरे शिकून मोठी झाली. आम्ही त्यांच्यापैकीच एक.

वर्षान्तास परीक्षेच्या जाचातून सोडविण्याचा विचार आपल्या भागातही झाला, आणि तो करणाऱ्यांत आमच्याच व्यवसायातील एक गृहस्थ होते. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मौनाने शिकविणारा शिव म्हणजे दक्षिणामूर्ती. बालशिक्षणाच्या घरास याहून चांगले नाव कोणते? ताराबाई मोडक त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे हे काम आदिवासींच्या अंगणापर्यंत नेले.

या सर्वांचे सार आजच्या कायद्यात उतरले आहे. एकोणतिसावे कलम म्हणते की, मूल्यमापन सर्वंकष व सातत्याने चालणारे असावे आणि शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेने पहिलीच्या अखेरीची अपेक्षाही सांगितली आहे : चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचता यावीत, ९९ पर्यंतचे अंक लिहिता-वाचता यावेत, सोपी बेरीज-वजाबाकी यावी. १८६२ च्या यादीशी हिचे साम्य पाहून वाचकांस हसू येईल. परंतु एक भेद मोलाचा आहे. वाचावयाचा मजकूर मुलास अपरिचित असावा, असे नव्या यादीत म्हटले आहे. पाठांतराची पळवाट त्या एका शब्दाने बंद केली.

आता त्या मुलाकडे वळू. आई कागद दाखवीत असता आम्ही मेजावर मूठभर चिंचोके ठेवले आणि त्यास मोजावयास सांगितले. त्याने ते पुढे ओढले आणि ‘एक, दोन, तीन’ करीत ‘स, सात, आठ, णव, धा’ म्हणून दहांची एक रास बाजूस सारली. मग दुसरी, मग तिसरी. चार राशी झाल्या आणि तीन उरले. “चाळीस आनी तीन,” तो म्हणाला. शाळेने त्याची परीक्षा इंग्रजीतून घेतली होती. संख्या त्यास येत होती. शाळेने विचारलेली नावे येत नव्हती. वाचनात मात्र तो खरोखरच मागे होता. मराठीचे साधे वाक्य दिले तर पहिल्या दोन अक्षरांवर अडला. तेही येथे नमूद केले पाहिजे.

कायद्याचे पत्र गेल्यावर शाळेने त्यास दुसरीत घेतले. आमचे काम संपले, पण समाधान झाले नाही. मागे ठेवण्यास कायदा मनाई करू शकतो; शिकविण्याची हमी नुसत्या मनाईतून येत नाही. न शिकविताच पुढे ढकललेले मूल आणि न शिकविताच मागे ठेवलेले मूल, दोघांवरही अन्याय तोच. पहिल्याचा अन्याय उशिरा दिसतो इतकेच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आमच्या देवस्थानांच्या समित्या आणि पालकसभा यांनी गावातील शाळेस विनंती करावी की, पहिलीच्या शेवटच्या आठवड्यास उत्सर्जनाचे रूप द्यावे. मुलाने वर्षारंभी काढलेले अक्षर आणि वर्षाअखेर काढलेले अक्षर शेजारी शेजारी लावावे, म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच होईल. चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या राशी त्यास आपल्या घरच्या बोलीत मोजू द्याव्यात आणि मग शाळेच्या भाषेत. एक न वाचलेली गोष्ट त्याच्या हाती द्यावी आणि ती आजी-आजोबांस वाचून दाखविण्यास सांगावे. जेथे ते अडेल तेथे शिक्षकाने खूण करावी आणि ती खूण दुसरीच्या शिक्षकाच्या हाती सोपवावी. कारण दोष मोजण्याचा एकच न्याय्य हेतू असतो, तो दूर करणे. शेवटच्या दिवशी मुलांनी आपला वर्ग झाडावा, शिक्षकांस नमस्कार करावा आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलांसाठी पाटीवर एक शब्द लिहून ठेवावा. यास पैसा लागत नाही, आणि कोणत्याही जातीच्या, कोणत्याही घरच्या मुलास वा मुलीस यातून वगळावे लागत नाही. जुन्या उत्सर्जनाची उणीव यानेच भरून निघेल.

तो मुलगा आता अधूनमधून देवळात भेटतो. गेल्या श्रावणात दीपस्तंभाजवळील देणगीदारांच्या फलकापुढे तो बोट फिरवीत उभा होता. एकेक अक्षर जुळवून त्याने एक नाव वाचले आणि मागे वळून आईकडे पाहिले. आम्ही बाजूने निघून गेलो. त्या क्षणी तेथे तपासनीसाचे काही काम नव्हते.